आवाज एल्विसचा, करार कर्नलचा

एल्विस प्रेस्ली म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते लांब कल्ले, पांढरा झगमगता पोशाख आणि गाता गाता थरथरणारे पाय. त्याच्या आयुष्याची गोष्टही ठरलेल्या वळणानं सांगितली जाते. गरीब घरातला मुलगा, रातोरात मिळालेली कीर्ती, मग गोळ्यांची सवय आणि बेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. ही गोष्ट खरीच आहे, पण तिच्यातून काही प्रश्न सुटत नाहीत. इतक्या ताकदीचा गायक १९६०च्या दशकात वर्षाला तीन-तीन सुमार चित्रपट का करत राहिला? जगभर चाहते असताना अमेरिका आणि कॅनडाबाहेर एकही जाहीर मैफल त्यानं का केली नाही? आणि अडतिसाव्या वर्षी आपल्या सगळ्या जुन्या रेकॉर्डवरची रॉयल्टी त्यानं एकरकमी का विकून टाकली?

या प्रश्नांची उत्तरं थोडी त्याच्या स्वभावात सापडतात आणि बरीचशी त्याच्या करारांत. म्हणून त्याची कारकीर्द इथे करारांच्या वाटेनं समजून घेऊ. ती वाट रुक्ष वाटेल, पण त्याच्या गाण्यांचा दर्जा कधी चढला आणि कधी उतरला, हेही तिच्यावरूनच कळतं.

एल्विसचा जन्म ८ जानेवारी १९३५चा, मिसिसिपी राज्यातल्या टुपेलो गावचा. वडील व्हर्नन यांनी कर्ज काढून बांधलेलं दोन खोल्यांचं लाकडी घर. जुळा भाऊ जेसी जन्मतःच मृत होता. एल्विस तीन वर्षांचा असताना चेकवरची रक्कम बदलल्याच्या गुन्ह्यात व्हर्नन तुरुंगात गेले आणि कर्ज फिटेना म्हणून घरही गेलं. ज्या घरानं एका चेकपायी एवढं भोगलं, त्या घराला कागदपत्रांची, वकिलांची, सरकारी कचेऱ्यांची धास्ती कायमची बसली असेल तर नवल नाही. पुढे आपल्या वतीनं कागद हाताळणारा खंबीर माणूस मिळाल्यावर या कुटुंबाला किती हायसं वाटलं असेल, याची त्यावरून कल्पना येते.

अकराव्या वर्षी त्याला वाढदिवसाला गिटार मिळाली. गाणं कानावर पडत होतं ते चर्चमध्ये. १९४८मध्ये कुटुंब मेम्फिसला आलं आणि सरकारी चाळवजा वसाहतीत राहू लागलं. तिथून जवळच बील स्ट्रीट होता, कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताचा रस्ता. ईस्ट ट्रिग नावाच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये एल्विस भजनं ऐकायला जात असे. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत शाळा, बस, हॉटेलं सगळं वर्णानुसार वेगळं होतं आणि संगीतही तसंच विभागलेलं होतं. कृष्णवर्णीयांचं ते ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’, गोऱ्यांचं ते ‘कंट्री’. दोघांच्या विक्रीच्या याद्याही वेगळ्या छापल्या जात. रेडिओच्या लहरींना मात्र भिंत घालता येत नव्हती. गोरी पोरं रात्री उशाशी रेडिओ घेऊन ब्लूज ऐकत होती आणि एल्विस त्यांतलाच एक.

मेम्फिसमधल्या ७०६ युनियन ॲव्हेन्यूवर सॅम फिलिप्स यांचा छोटा स्टुडिओ होता. हाउलिन वुल्फ, बी. बी. किंग अशा कृष्णवर्णीय कलावंतांचं सुरुवातीचं ध्वनिमुद्रण त्यांनी केलं होतं. १९५३च्या उन्हाळ्यात एल्विसनं चार डॉलर भरून तिथे स्वतःसाठी एक तबकडी करून घेतली. नाव टिपून ठेवलं ते स्टुडिओतल्या मेरियन कायस्कर यांनी. वर्षभरानं, ५ जुलै १९५४ला, सॅम यांनी त्याला गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक यांच्यासोबत बोलावलं. संध्याकाळभर काही जमेना. मधल्या विश्रांतीत एल्विस आर्थर क्रडप यांचं ‘दॅट्स ऑल राइट’ हे १९४६चं ब्लूज गाणं मस्करीत, धावत्या लयीत गाऊ लागला. बाकी दोघांनी वाद्यं उचलली. सॅम यांनी टेप चालू केली.

त्या रेकॉर्डमध्ये नवं काय होतं? तिच्यात ड्रम नाही. बिल ब्लॅक उभ्या बासच्या तारा ओढून सोडत होता आणि त्या लाकडावर आपटून जो ‘टप्’ आवाज येई, तोच ठेका. एक-दोन-तीन-चार अशी मोजणी धरली, तर जोर दोन आणि चारवर. हा ब्लूजचा जोर, त्याला कंट्रीची पळती लय, आणि वर चर्चमध्ये घडलेला गळा. शिवाय सॅम यांची एक तांत्रिक युक्ती. ते आवाज एका टेप यंत्रावर मुद्रित करत आणि त्याच वेळी दुसऱ्या यंत्रातून फिरवून, क्षणाच्या अंशानं मागे ठेवून पुन्हा मिसळत. त्यामुळे तीनच माणसं असूनही खोली भरल्यासारखी वाटते. हे गाणं आज इयरफोन लावून ऐकलं, तर तो मागून येणारा पडसाद स्पष्ट कळतो. मला एल्विसचं सगळ्यात आवडतं काम विचाराल तर मी इथेच बोट ठेवीन. एकोणीस वर्षांचा मुलगा गातोय आणि आवाजात भीतीचा लवलेश नाही.

मेम्फिसच्या रेडिओवर ड्यूई फिलिप्स यांनी ते वाजवलं, फोन वाजू लागले, आणि एल्विसला बोलावून थेट मुलाखत झाली. ड्यूईंनी मुद्दाम त्याच्या शाळेचं नाव विचारलं. ह्यूम्स हायस्कूल, म्हणजे गोऱ्यांची शाळा. गाणारा गोरा आहे हे ऐकणाऱ्यांना त्यावरून समजलं. तोवर अनेकांचा समज उलटा होता.

गाणं कुणाचं, गाणाऱ्याचं की लिहिणाऱ्याचं?

इथे थोडं थांबून पैशाचं गणित समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

एका रेकॉर्डमध्ये दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे गाणं, शब्द आणि चाल. ती लिहिणाऱ्याची आणि त्याच्या प्रकाशक कंपनीची. दुसरी म्हणजे त्या गाण्याचं मुद्रण, टेपवर उतरलेला तो विशिष्ट आवाज. त्याची मालकी सहसा रेकॉर्ड कंपनीची असते आणि गायकाला प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे ठरलेला वाटा मिळतो. अमेरिकेत आणखी एक मेख आहे. तिथल्या नेहमीच्या रेडिओवर गाणं वाजलं की लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, गायकाला काहीच मिळत नाही. आजही नाही. म्हणजे एल्विसचं गाणं दिवसात हजार वेळा वाजलं, तरी नुसता गायक म्हणून त्याच्या खात्यात रेडिओचा एक सेंटही येत नव्हता.

गायकाचा हक्क कुठे संपतो, यावरून आपल्याकडेही १९६०च्या दशकात मोठा वाद झाला. गायकांना रॉयल्टी मिळालीच पाहिजे असा लता मंगेशकर यांचा आग्रह होता, तर मानधन घेतलं की गायकाचा संबंध संपला असं महंमद रफी यांचं मत होतं. त्यापायी काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत.

एल्विसनं जवळजवळ कधीच गाणी लिहिली नाहीत. मग लिहिणाऱ्याच्या पैशात वाटा कसा मिळवायचा? वाट सोपी होती, आणि कडवट. गीतकाराला सांगायचं, एल्विसनं गावं असं वाटत असेल तर तुझ्या हक्कातला भाग सोड. ओटिस ब्लॅकवेल या ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय गीतकारानं ‘डोन्ट बी क्रुअल’ लिहिलं आणि गीतकार म्हणून नाव लागलं दोघांचं, ब्लॅकवेल आणि प्रेस्ली. निम्मे पैसे गेले. ब्लॅकवेल यांनी ते मान्य केलं, कारण एल्विसच्या रेकॉर्डचा अर्धा वाटासुद्धा दुसऱ्या कुणाच्या पूर्ण वाट्यापेक्षा मोठा होता. आर्थर क्रडप यांना तर त्यांच्या गाण्याचे योग्य पैसे हयातीत मिळालेच नाहीत. शेतमजुरी करत ते जगले आणि १९७४मध्ये गेले. त्यांचे हक्क त्यांच्या जुन्या मॅनेजरनं आधीच स्वतःकडे घेतले होते, हे खरं. एल्विसनं १९५६मध्ये एका वृत्तपत्राशी बोलताना क्रडप यांचं नाव घेऊन त्यांच्याविषयीचा आदर सांगितला होता, हेही खरं. पण आदरानं घर चालत नाही. एल्विसची पुढे जी फसगत झाली ती सांगताना, ती ज्या व्यवस्थेत झाली त्याच व्यवस्थेच्या जोरावर तो वर आला होता, हे मला झाकून ठेवता येत नाही.

कर्नल येतात

१९५५मध्ये टॉम पार्कर नावाचा मॅनेजर एल्विसच्या मागे लागला. ‘कर्नल’ ही पदवी लुइझियानाच्या गव्हर्नरांनी मानाखातर दिलेली, लष्कराशी तिचा संबंध नव्हता. आपण वेस्ट व्हर्जिनियाचे असं ते सांगत. प्रत्यक्षात ते आंद्रेयास कॉर्नेलिस व्हान काइक, १९०९मध्ये नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरात जन्मलेले आणि कागदपत्रांशिवाय अमेरिकेत शिरलेले. जत्रा-सर्कशीच्या धंद्यात ते तयार झाले होते. गर्दी कशी खेचायची आणि तिकीट कसं खपवायचं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

२१ नोव्हेंबर १९५५ला पार्कर यांनी सॅम फिलिप्स यांच्याकडून एल्विसचा करार ‘आरसीए’ या रेकॉर्ड कंपनीला ३५ हजार डॉलरना विकायला लावला. एल्विसला देणं असलेले ५ हजार वेगळे. एका नवख्या गायकासाठी ही त्या काळी अफाट रक्कम होती. एल्विस वीस वर्षांचा, कायद्यानं अजून सज्ञान नाही, म्हणून अशा कागदांवर वडिलांचीही सही लागे.

पुढचं वर्ष वादळाचं होतं. जानेवारी १९५६मध्ये ‘हार्टब्रेक हॉटेल’. जूनमध्ये मिल्टन बर्ल यांच्या टीव्ही कार्यक्रमात ‘हाउंड डॉग’ गाताना त्यानं शेवटी लय मंदावून अशी काही कंबर हलवली की वृत्तपत्रं आणि पाद्री एकदम तुटून पडले. हे गाणं आधी बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेनं गाजवलं होतं, आणि लिहिलं होतं लायबर आणि स्टोलर या दोन गोऱ्या ज्यू तरुणांनी. ९ सप्टेंबरला एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात तो आला तेव्हा सुमारे ६ कोटी लोकांनी त्याला पाहिलं. जानेवारी १९५७मधल्या तिसऱ्या हजेरीत कॅमेरा कमरेच्या वरच ठेवला गेला. या काळात पार्कर यांनी काम चोख केलं, हे मान्य करायलाच हवं. एवढ्या गदारोळात एक पोरगं सुकाणूशिवाय कुठेही भरकटलं असतं. मार्च १९५७मध्ये एल्विसनं मेम्फिसमधला ग्रेसलँड हा बंगला १,०२,५०० डॉलरना घेतला आणि आईवडिलांना तिथे आणलं. आई ग्लॅडिस यांना ते सुख फार लाभलं नाही. मार्च १९५८मध्ये तो सक्तीच्या लष्करी सेवेत गेला आणि त्याच ऑगस्टमध्ये त्या वारल्या. त्यानंतर तो जर्मनीत, आणि मार्च १९६०मध्ये परत.

परतल्यावर पार्कर यांनी मैफली जवळजवळ बंद केल्या आणि चित्रपटांची गिरणी सुरू केली. हिशेब असा की चित्रपट त्यातल्या गाण्यांची रेकॉर्ड खपवतो आणि रेकॉर्ड चित्रपटाची जाहिरात करते. काही वर्षं हे उत्तम चाललं. अभिनेता म्हणून एल्विसचे एकूण ३१ चित्रपट झाले. पण चित्रपट झटपट बनवायचे, म्हणजे गाणीही डझनानं हवीत, आणि ती घ्यायची कुणाकडून? ज्या प्रकाशक कंपनीशी एल्विसची भागीदारी होती, तिच्याच गीतकारांकडून. बाहेरचा गीतकार आला तर त्यानं हक्कातला वाटा सोडायचा. १९५६मध्ये ही अट लोकांनी आनंदानं मानली होती. १९६४-६५ येईपर्यंत काळ बदलला होता. गायक स्वतःची गाणी लिहू लागले होते आणि चांगले गीतकार वाटा सोडायला तयार नव्हते. लायबर-स्टोलर तर केव्हाच दुरावले होते. मग एल्विसच्या हाती उरलं ते उरलंसुरलं. त्याच्या त्या काळातल्या फुसक्या गाण्यांचं खापर त्याच्या आळसावर फोडतात, पण गाळणीच अशी लावली होती की तिच्यातून चांगलं गाणं त्याच्यापर्यंत पोचणंच अवघड होतं. एल्विसनं त्याविरुद्ध आवाज उठवायला हवा होता का? हवा होता. तो दबून गेला. त्याला भांडण नको असे, आणि पैसा थांबेल ही भीती त्या घरातून कधी गेलीच नाही.

मॅनेजरचा वाटा या धंद्यात साधारण १० ते १५ टक्के असे. पार्कर सुरुवातीपासून २५ टक्के घेत. जानेवारी १९६७पासून बऱ्याच प्रकारच्या कमाईवर तो ५० टक्के झाला.

जेव्हा गाळणी फुटली

दोनदा मात्र ही चौकट मोडली, आणि दोन्ही वेळा एल्विस पुन्हा उभा राहिला.

पहिली वेळ जून १९६८. एनबीसी वाहिनीसाठी नाताळचा कार्यक्रम ठरला होता, आणि एल्विसनं नाताळची गाणी गाऊन नमस्कार करावा अशी पार्कर यांची इच्छा होती. दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडर तरुण होते. तालमीनंतर एल्विस कपडे बदलायच्या खोलीत मित्रांबरोबर जुनी गाणी वाजवत बसतो, हे त्यांनी पाहिलं आणि तेच मंचावर आणायचं ठरवलं. काळं चामडी जाकीट, भोवती प्रेक्षक, शेजारी स्कॉटी मूर. सात वर्षं लोकांसमोर न गायलेला माणूस सुरुवातीला घाबरलेला दिसतो आणि मग त्याचा गळा मोकळा होतो. शेवटी नाताळच्या गाण्याऐवजी एक नवं गाणं आलं. मार्टिन ल्यूथर किंग यांची एप्रिलमध्ये मेम्फिसमध्येच हत्या झाली होती, आणि तिचे पडसाद त्या गाण्यात होते. पार्कर यांचा विरोध होता. एल्विसनं ते गायलंच.

दुसरी वेळ १९६९च्या सुरुवातीची, मेम्फिसमधल्या अमेरिकन साउंड स्टुडिओतली. निर्माते चिप्स मोमन यांनी ‘सस्पिशियस माइंड्स’ हे गाणं आणलं. एल्विसच्या माणसांनी सवयीप्रमाणे हक्कातला वाटा मागितला. मोमन म्हणाले, वाटा मिळणार नाही, हवं तर मुद्रण इथेच थांबवा. या वेळी आरसीएच्या अधिकाऱ्यानं मोमन यांची बाजू घेतली. त्याच वर्षी ते गाणं अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या यादीत एल्विसचं हयातीतलं पहिल्या क्रमांकाचं ते शेवटचं गाणं. गाळणी एकदा बाजूला ठेवली तर काय घडतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. पण धडा कुणी घेतला नाही. काही वर्षांनी डॉली पार्टन यांचं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ एल्विसला गायचं होतं. पार्कर यांनी निम्मे हक्क मागितले, डॉलींनी जड मनानं नकार दिला, आणि एल्विसच्या आवाजातली त्याची रेकॉर्ड कधी झालीच नाही.

३१ जुलै १९६९ला लास वेगासच्या इंटरनॅशनल हॉटेलात मैफली सुरू झाल्या. पाठीशी जेम्स बर्टनची गिटार, स्वीट इन्स्पिरेशन्सच्या गायिका आणि मोठा वाद्यवृंद. ही पहिली दोन-तीन वर्षं गायक म्हणून त्याच्या ऐन बहराची आहेत. हॉटेलनं पाच वर्षांचा करार केला. दरवर्षी चार आठवड्यांच्या दोन फेऱ्या, एका रात्रीत बहुधा दोन खेळ. त्याच हॉटेलातल्या जुगाराच्या टेबलांवर पार्कर मोठ्या रकमा हरत होते. स्वतःचं येणं-जाणं ज्या हॉटेलाच्या कृपेवर आहे, त्याच्याशी मॅनेजर खणखणीत घासाघीस कशी करणार?

जगाचं बोलावणं तर सारखं येत होतं. युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया. पण पार्कर यांच्याकडे पासपोर्ट नव्हता आणि तो मागायला गेले तर जन्माची कहाणी उघडी पडणार. एल्विसच्या परदेशातल्या मैफली म्हणजे १९५७मधल्या कॅनडातल्या तीन शहरांतल्या, एवढ्याच. १४ जानेवारी १९७३ला त्यानं हवाईमधून उपग्रहामार्फत आशिया-पॅसिफिकमधल्या देशांसाठी मैफल केली. तंत्राची ती मोठी झेप होती. तरीही, जपानमधले चाहते त्याला पडद्यावर पाहत होते याचं मला आजही वाईट वाटतं.

५४ लाख डॉलर

मार्च १९७३. एल्विसचा प्रिसिलाशी घटस्फोट चालू होता, पैशांची निकड होती. पार्कर यांनी आरसीएशी व्यवहार केला. तोवरच्या सुमारे ७०० मुद्रणांवर एल्विसला पुढे मिळणारी सगळी रॉयल्टी कंपनीनं एकरकमी ५४ लाख डॉलरना विकत घ्यायची. त्यातले निम्मे पार्कर यांचे. एल्विसच्या वाट्याचे २७ लाख, आणि त्यातला मोठा भाग करात गेला.

या व्यवहाराचा अर्थ नीट लक्षात घ्या. ‘हार्टब्रेक हॉटेल’पासून ‘सस्पिशियस माइंड्स’पर्यंत सगळं त्यात आलं. गायकाला म्हातारपणी आधार देते ती जुनी रेकॉर्ड, कारण आवाज थकला तरी ती विकली जाते. एल्विसनं तीच विकली होती. मग पैसा येणार कुठून? फक्त नव्या मैफलींतून. विमान, वादक, नोकरचाकर, नातेवाईक, सगळा डोलारा त्यावर. म्हणून वर्षाला शंभराहून अधिक मैफली, एकेका शहरात एक रात्र, आणि पुन्हा विमान. काचबिंदू, रक्तदाब, आतड्याचं दुखणं, निद्रानाश. चढायला गोळी, उतरायला गोळी, झोपायला गोळी. १९७७च्या पहिल्या आठ महिन्यांत डॉक्टर जॉर्ज निकोपोलस यांनी त्याच्या नावावर औषधांचे १० हजारांहून अधिक डोस लिहून दिले होते. डॉक्टर फौजदारी खटल्यातून सुटले, पण पुढे १९९५मध्ये अतिरेकी औषधं देण्यावरून त्यांचा परवाना कायमचा गेला. ही सवय करारामुळे लागली असं मी म्हणणार नाही. ती आधीपासून होती, आणि गोळी तोंडात घालणारा हात त्याचाच होता. पण वर्षभर विश्रांती घेऊन उपचार करावेत, एवढी उसंत त्या हिशेबात उरलेली नव्हती.

२६ जून १९७७, इंडियानापोलिस, शेवटची मैफल. १६ ऑगस्टला ग्रेसलँडमध्ये तो गेला. पुढच्या दौऱ्याला त्याच दिवशी निघायचं होतं.

एल्विसच्या मृत्यूनंतर पार्कर यांनी त्याच्या वडिलांकडून व्यवहार चालू ठेवण्याची परवानगी घेतली. १९७९मध्ये व्हर्नन गेले, वारस उरली लहान मुलगी लिसा मेरी. १९८०मध्ये मेम्फिसच्या न्यायालयानं तिच्या हिताचं रक्षण करायला ब्लँचर्ड टुअल या वकिलांची नेमणूक केली. त्यांनी एकेक करार उघडला आणि पार्कर यांचा वाटा अवाजवी असल्याचा, १९७३चा व्यवहार एल्विसच्या हिताचा नसल्याचा अहवाल दिला. न्यायालयानं खटला भरायला सांगितलं. तेव्हा बचावात पार्कर यांनी आयुष्यभर लपवलेली गोष्ट स्वतःच पुढे केली. आपण अमेरिकेचे नागरिकच नाही, सबब आपल्यावर इथे खटला चालू शकत नाही. १९८३मध्ये तडजोड झाली आणि एल्विसच्या कमाईवरचा त्यांचा हक्क संपला.

तोवर घर चालवणंच कठीण झालं होतं. ग्रेसलँडचा खर्च वर्षाला सुमारे ५ लाख डॉलर. प्रिसिला यांनी ७ जून १९८२ला बंगला लोकांसाठी खुला केला. तिथे आजही वर्षाला लाखो लोक येतात. १९८४मध्ये टेनेसी राज्यानं कायदा केला आणि माणसाचं नाव व चेहरा यांवरचा हक्क मृत्यूनंतर वारसांकडे जातो हे पक्कं झालं. एल्विसच्या वारसांची मोठी कमाई यातूनच उभी राहिली. २००५मध्ये लिसा मेरीनं या व्यवसायाचा ८५ टक्के हिस्सा विकला तेव्हा व्यवहार सुमारे १० कोटी डॉलरचा झाला. मार्च १९७३पूर्वीच्या त्या मुद्रणांची मालकी मात्र आरसीएकडेच राहिली, आणि आरसीए आता सोनी म्युझिकचा भाग आहे.